अर्थ

स्टिरिओ चौकटीत बसला,
बसताना क्लिपांनी टचकन् आवाजही दिला.
मन्नोळकर बाईंनी किल्ली फिरवली
आणि काही नाही.
दिवा नाही, साधी खरखर नाही.
काळ्या काचेत माझाच चेहरा, नाकाला ग्रीस.

"झालं न्हवं?" बाई म्हणाल्या.
"होय की. एकच मिनिट."
खानापूर रोडवरच्या आमच्या दुकानात
एक मिनिट केवढं असतं
ते बाहेरच्या बाकाला विचारा.

आधी फ्यूज. दहाचा, लाल, डब्याच्या पाठीत खोवलेला.
उजेडात धरला, आतली तार अखंड.
मग गाडीचा, स्टिअरिंगखाली मान मुरगाळून.
तोही धड.
टेस्टरचा चिमटा दाराच्या बिजागरीला लावला,
टोक टेकवलं पिवळीवर: पेटला.
लालवर, किल्ली फिरवून: पेटला.
म्हणजे पाणी आलंय, नळ उघडा आहे,
आणि घागर कोरडी.

मग मी घाबरलो.
घाबरलेला माणूस सांधे सोडतो.
सगळे सोडले, सगळे पिळले,
टेप गुंडाळली, उकलली, परत गुंडाळली.
घामेजल्या बोटांतून स्क्रू सटकला, सीटखाली गेला.
हात घातला तर वेलदोडा,
पाचाचं नाणं,
दुधाचे नमुने घ्यायची एक छोटी बाटली.
स्क्रू नाही.

बाई बाकावरून सांगत होत्या, मला की रस्त्याला कुणास ठाऊक,
"पहाटे साडेचारला निघते सुळग्यातनं.
सात गावांचं दूध तपासायचं.
गाडीत डोळा लागतो ओ.
कोणतरी बोलत असलं की बरं,
कुठल्या का भाषेत बोलंना."

एवढ्यात बसलिंगप्पा मालक आले,
डबा धुऊन, ओले हात चड्डीला पुसत.
"लगमा, करंट बंदैतेनु?"
"बंदैत्री."
"मत्त अर्थ?"

त्यांनी स्टिरिओकडे बघितलंसुद्धा नाही.
मागे बोट घालून काळी वायर ओढली,
तिच्या मागोमाग गेले, जिथं मी ती आवळली होती:
निळ्या रंगाच्या पट्टीवर,
चकचकीत, कोऱ्या, देखण्या रंगावर.
रंगातून काहीच जात नाही.
खिशातनं हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा काढून
मालकांनी रुपयाएवढी जागा खरवडली.
निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली मातकट,
मग राखाडी, उघडं, खरं लोखंड.
वायर आवळली.
"अर्थ आतेनु?"

लागला का, कळला का,
मालक नेमकं काय विचारत होते
आजवर मला कळलेलं नाही.
"आत्री," म्हणालो.

किल्ली. निळा उजेड बाईंच्या बांगड्यांवर पडला.
धारवाडच्या बातम्यांचं अर्धं वाक्य,
बटण, खरखर, कुणी मराठीत उसावरची कीड सांगतोय,
बटण, पणजीकडचं काहीतरी, वाऱ्यात गेलेलं,
बटण, परत कानडी: कांद्याचा भाव.
"हेच ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या,
आणि भाव ऐकून चुकचुकल्या.
पैसे दिले. वर तो वेलदोडाही दिला.

तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा दारात.
"चालतंय की. चांगलं बोलतंय.
पण किल्ली काढली की सगळं विसरतंय बघ.
रोज पहाटे घड्याळात बारा,
रोज धारवाड नव्यानं हुडकायचं.
शाळंतल्या मठ्ठ पोरासारखं."

डॅश न उघडताच कळलं.
पिवळी ही आठवणीची वायर,
किल्ली निघाली तरी जागी राहते,
गाडी झोपली तरी.
त्या दिवशी घाबरून पिळताना
मी तिला लालची जागा दिली होती, लालला तिची.

मालक दारातूनच बघत होते.
बोलले नाहीत. टेपची गुंडाळी फेकली,
ती मी झेलली.
बाईंनी बाक फुंकरला, पदर सावरला.
"एक मिनिट?" त्यांनीच विचारलं.

"अर्धा तास," मी म्हणालो.